झाकली मूठ, पण कुठल्या कॉलेजापुढे?

पत्र

माझी लेक नाशिकला बारावी सायन्सला आहे, महाराष्ट्र बोर्ड. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स नाहीतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. दहावीला ९६.४ टक्के होते. अकरावीत जेईईचा क्लास लावला, कॉलेजच्या परीक्षांकडे लक्षच दिलं नाही आणि ७१ टक्क्यांवर आली. ऑगस्टच्या एसएटीला, म्हणजे तिकडच्या सोळाशे गुणांच्या प्रवेश परीक्षेला, १४३० मिळाले, गणितात ७९० आणि रीडिंग-रायटिंगला ६४०. यादीत पर्ड्यू, जॉर्जिया टेक, मिशिगन, रटगर्स आणि यूसी सॅन डिएगो आहेत. तिच्या बाबांच्या हट्टापायी एमआयटीसुद्धा घातलंय. कन्सल्टंट म्हणतात, पंधराशेच्या खालचा स्कोअर कुठेच दाखवायचा नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या सोसायटीतला एक मुलगा २०२१ मध्ये स्कोअर न देताच गेला, हेही खरं आहे. मग पाठवायचा की नाही? आणि तिला पुन्हा परीक्षेला बसवू का?

— एक आई, नाशिक

उत्तर

ताई, तुमच्या यादीतल्या सहापैकी चार ठिकाणी हा प्रश्न तुमच्यापुढे येतच नाही. एमआयटी आणि जॉर्जिया टेकला स्कोअर सक्तीचा आहे. पर्ड्यूही तो मागते. यूसी सॅन डिएगो तो बघतच नाही, तुम्ही तबकात घालून दिला तरी. उरली दोन कॉलेजं, मिशिगन आणि रटगर्स. निर्णय घ्यायचाय तो एवढ्या दोघांपुरता. कन्सल्टंटचा नियम सरसकट पाळला असता तर तीन अर्ज अपुरे राहिले असते आणि नकार आल्यावर ‘स्पर्धाच फार होती’ असे ऐकून तुम्ही गप्प बसला असता.

म्हणून पहिले काम यादी तीन ढिगांत लावण्याचे: स्कोअर सक्तीचा, ऐच्छिक, आणि पाहतच नाहीत असा. ऐच्छिकला तिकडे टेस्ट-ऑप्शनल म्हणतात, पाहत नाहीत त्याला टेस्ट-ब्लाइंड. तिसऱ्या ढिगात मुख्यतः कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठे, म्हणजे यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सगळी कॅम्पस आणि कॅल स्टेट. चौथा छोटा ढीग टेस्ट-फ्लेक्सिबलचा. २०२४ मध्ये येलने हा मार्ग जाहीर केला, त्यात एसएटी किंवा एसीटीच्या (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा) जागी एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा) वा आयबीचे (आंतरराष्ट्रीय बोर्ड) निकालही चालतात. आपल्या बोर्डाच्या मुलांकडे एपी क्वचितच असते, त्यामुळे तुमच्यासाठी तो ढीगही सक्तीचाच धरा.

हे ढीग कुणाच्या सांगण्यावरून लावू नका, कॉलेजच्या स्वतःच्या अ‍ॅडमिशनच्या पानावरून लावा. तिथेही दोन गोष्टी नेमक्या वाचा. एक, तो नियम कुठल्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. दोन, परदेशी अर्जदारांसाठी वेगळी ओळ आहे का. वरच्या परिच्छेदात ‘ऐच्छिक’ आणि चार परिच्छेद खाली परदेशी विद्यार्थ्यांसाठी निराळी अट, असे काही ठिकाणी सापडते.

सोसायटीतल्या मुलाचे उदाहरण मात्र बाजूला ठेवा. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा केंद्रेच बंद पडली, तेव्हा जवळपास सगळ्या नामांकित कॉलेजांनी स्कोअरची अट काढली. पुढच्या वर्षी तुमच्याकडचा तो मुलगा गेला. मग वारे फिरले. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये अट परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, कॉर्नेल आणि स्टॅनफर्ड यांनी तसेच जाहीर केले. प्रिन्स्टननेही २०२८ च्या शरदात प्रवेश घेणाऱ्यांपासून ती पुन्हा लागू करायचे ठरवले आहे. उलट कोलंबियाने २०२३ मध्ये ऐच्छिक धोरण कायमचे केले, आणि बोडॉइन हे छोटे कॉलेज तर १९६९ पासून ऐच्छिकच आहे. म्हणजे २०२१ मध्ये कोण कसे गेले, यावरून आज काही ठरत नाही.

यात डार्टमथचे कारण तुमच्या कामाचे आहे. त्यांच्याच प्राध्यापकांनी आकडे तपासले, तेव्हा असे दिसले की साध्या शाळांतून, कमी साधनांतून आलेली कितीतरी मुले चौदाशेच्या घरातले स्कोअर लाजून दडवत होती. पाठवले असते तर त्यांच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर ते उठून दिसले असते आणि प्रवेशाची शक्यता वाढली असती. १४३० एसएटीला बसणाऱ्यांत साधारण वरच्या पाच टक्क्यांत येतो. एसीटीच्या मापाने तो ३२ होतो. ‘पंधराशेच्या खाली काहीच नाही’ हा नियम जो सांगतो, त्याने बहुधा वरच्या पंधरावीस कॉलेजांचेच आकडे पाहिलेले असतात.

आता तुमच्या लेकीच्या फाइलकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथे आहे. स्कोअर ऐच्छिक असलेल्या कॉलेजात तो नसला की वाचणारा माणूस उरलेल्या कागदांवर जास्त भार टाकतो. मुलीच्या फाइलमध्ये उरलेले कागद कोणते? बारावीचा निकाल मेमध्ये लागणार, अर्ज तर नोव्हेंबर ते जानेवारीत जाणार. म्हणजे त्याच्या हातात नववी, दहावी, अकरावी आणि कॉलेजने दिलेला बारावीचा अंदाज. दहावीचे ९६ त्याला चांगले दिसतील, पण ती विज्ञान शाखेच्या आधीची परीक्षा. ज्या वर्षी पहिल्यांदा खरे फिजिक्स आणि खरे कॅल्क्युलस हाताला लागते, त्या वर्षी समोर ७१. आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे की इंटिग्रेटेड क्लासच्या नादात अकरावी ही नुसती हजेरीची गोष्ट झाली आहे. इंडियानात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या वाचकाला ते माहीत असेलच असे नाही. त्याला दिसते ती एक घसरण.

अशा फाइलमध्ये गणिताचे ७९० हा एकमेव कागद आहे जो सांगतो, घसरण अभ्यासाकडे दुर्लक्ष झाल्याची आहे, डोक्याची नव्हे. तो दडवून तुम्ही तिच्या बाजूचा साक्षीदारच घरी बसवाल. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण दुसऱ्या हातात निदान पन्नास हजार तरी दिसायला हवेत.

हेच उलट असते तर सल्लाही उलटा दिला असता. समजा अकरावीला ९२ टक्के, वर्गात पहिल्या पाचात, गणित ऑलिम्पियाडच्या पुढच्या फेरीपर्यंत मजल, आणि एसएटी १२९०. तिथे स्कोअर काही नवे सांगत नाही, उलट शंका पेरतो. तो खुशाल दडवावा. किंवा १४३० च, पण इंजिनिअरिंगसाठी आणि गणितात ६४०: तोही ऐच्छिक कॉलेजात पाठवू नये. बेरीज एकच असली तरी कोणत्या विभागात किती, आणि कुठल्या शाखेसाठी, यावर सगळे फिरते. आणि एक विभाग दाखवायचा, दुसरा लपवायचा, अशी सोय नाही. पाठवाल तर दोन्ही जातात.

तुमच्यासारखे दुसरे वाचक वेगळी यादी घेऊन बसले असतील, म्हणून आकडा तपासायची रीत सविस्तर सांगतो. कॉलेजचे नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असे शोधा. बहुतेक कॉलेजे दरवर्षी हा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. त्यातला सी७ हा तक्ता कॉलेज कशाला किती महत्त्व देते ते सांगतो: गुण, निबंध, शिफारसपत्रे, परीक्षेचा स्कोअर, सगळे ‘अतिमहत्त्वाचे’पासून ‘विचारात नाही’पर्यंत. सी९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी एसएटीचा स्कोअर दिला, किती टक्क्यांनी एसीटीचा, आणि त्यांचा २५ वा, ५० वा व ७५ वा शतमानाचा आकडा (म्हणजे ज्याच्या खाली तितके टक्के मुले येतात तो स्कोअर), विभागवार आणि एकूण, असे सगळे मिळते.

आता या तक्त्यातली खाच. समजा एखाद्या कॉलेजात हजार मुले आली. त्यातल्या ४५ टक्क्यांनीच एसएटीचा स्कोअर दिला आणि त्यांची मधली पट्टी (२५ व्यापासून ७५ व्या आकड्यापर्यंत) १४४० ते १५४० आहे. पाहणारा म्हणतो, माझे १४३० तर पट्टीच्याही खाली. पण ज्यांनी स्कोअर दिला नाही, त्यांच्यात खालचे स्कोअर असलेलेच जास्त असणार. चांगले स्कोअर वर तरंगतात, बाकीचे बुडतात, म्हणून ऐच्छिक धोरणाच्या काळातली पट्टी फुगलेली असते. स्कोअर देणाऱ्यांची टक्केवारी जितकी कमी, तितका फुगवटा जास्त. खात्री करायची तर त्याच कॉलेजचा २०१९-२० चा डेटा सेट काढा, जेव्हा स्कोअर सगळ्यांना द्यावा लागत होता. तेव्हा तीच पट्टी बरीच खाली असल्याचे दिसेल.

यावरून वापरायची मोजपट्टी अशी. मधल्या (५० व्या) आकड्याएवढा किंवा वर असेल तर विचार न करता पाठवा. २५ वा आणि मधला यांच्यामध्ये असेल तरी आपल्या बोर्डाच्या मुलांनी बहुतेक वेळा पाठवावा. २५ व्याच्या खाली वीसतीस गुण असतील तर फाइल बघा. बाकीचे कागद भक्कम असले तर नका पाठवू, डळमळीत असले आणि शाखेचा विभाग जोरदार असला तर पाठवा. त्याहून खाली असेल तर ठेवा घरीच. वीसतीस गुणांचे अंतर म्हणजे एक-दोन उत्तरे इकडेतिकडे. स्वतः परीक्षा घेणारेही स्कोअरला तेवढी चूकभूल धरतात. त्यावर झोप उडवून घेऊ नये.

सावध राहायचे ते इथे: हे आकडे सबंध विद्यापीठाचे असतात. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सची मुले त्या सरासरीच्या बरीच वर असतात, आणि भारत-चीनकडून येणारे अर्जदार गणितात त्याहून वर. म्हणून विभागवार तक्त्यात गणिताचा ७५ वा आकडा पाहा. तुमच्या मुलीचे ७९० बहुतेक ठिकाणी त्याच्या आसपास किंवा वर बसेल. रीडिंग-रायटिंगचे ६४० मात्र अनेक ठिकाणी २५ व्याच्याही खाली जाईल.

मग निर्णय. रटगर्सला पाठवा, याबद्दल दुमत नाही. मिशिगनला आहे त्या अवस्थेतही पाठवा, कारण अकरावीचे ७१. ऑक्टोबरमध्ये ६४० थोडे जरी वर गेले तर प्रश्नच मिटला. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकला द्यायचाच आहे. जॉर्जिया टेक लांबची उडी आहे हे धरून चाला.

सॅन डिएगोबद्दल तुम्हाला वाटत असेल की तिथे स्कोअर बघत नाहीत म्हणजे सोपे. तुमच्यासाठी तेच सगळ्यात अवघड आहे. यूसी स्कोअर पाहत नाही, सहसा शिफारसपत्रेही घेत नाही, आणि गुण मोजताना दहावी व अकरावीवर भर देते. म्हणजे ७१ तिथे उघडेच पडणार आणि ७९० त्याच्या मदतीला येणार नाही. उरतात ते आठापैकी चार प्रश्नांवरचे साडेतीनशे शब्दांचे लेख. अर्ज करायला हरकत नाही, पण त्याला यादीतले सुरक्षित नाव समजू नका. त्या लेखांत एसएटीचा आकडा घुसवायचा मोहही टाळा. गुण मार्कशीटवर जसे आहेत तसेच टक्क्यांत लिहायचे, स्वतः अमेरिकी जीपीएच्या, म्हणजे चारपैकी गुणांच्या, मापात रूपांतर करायचे नाही. हे सगळ्याच कॉलेजांना लागू आहे.

एमआयटीबद्दल स्पष्ट लिहितो. तिथे गणितात ७९० ही प्रत्येकाकडे असलेली गोष्ट आहे आणि रीडिंग-रायटिंगला बहुतेकांचे सातशेच्या बरेच वर असतात. अकरावीचे ७१ आणि ६४० घेऊन जाणे म्हणजे बाबांची हौस. हौसेला मोल नसते म्हणतात, पण अर्जाला शुल्क असते आणि त्यांचा फॉर्म वेगळा, निबंध वेगळे. ते पंधरा दिवस पर्ड्यूच्या अर्जावर घालवले तर उपयोग होईल. पर्ड्यूची पहिली मुदत १ नोव्हेंबरची आहे आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी तीच गाठायला हवी.

पुन्हा परीक्षा? हो, ऑक्टोबरला. डिसेंबरला नाही. डिसेंबरमागोमाग प्रिलिम, मग प्रॅक्टिकल, आणि फेब्रुवारीत बोर्डाची लेखी परीक्षा. बारावीचे गुण घसरले तर मिळालेली ऑफरही धोक्यात येते. ऑक्टोबरचा निकाल साधारण दोन आठवड्यांत लागतो, म्हणजे १ नोव्हेंबरच्या मुदतीत जेमतेम बसतो. नोव्हेंबरची परीक्षा फक्त जानेवारीच्या मुदतींसाठी उपयोगी.

गणिताला हातही लावू नका. ७९० चे ८०० झाल्याने कुणाला काही फरक पडत नाही, आणि बहुतेक कॉलेजे सुपरस्कोअर करतात, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीच्या परीक्षांतला प्रत्येक विभागाचा चांगला आकडा घेतात. एमआयटी आणि जॉर्जिया टेकही तेच करतात. ऑक्टोबरला गणितात ७४० पडले तरी ऑगस्टचे ७९० शाबूत. रीडिंग-रायटिंगला ६९० आले की तिचा स्कोअर १४८० झाला. कमी पडले तर ती तारीख पाठवायचीच नाही. जॉर्जटाउनसारखी काही कॉलेजे मात्र दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर मागतात. तुमच्या यादीत ते नाही.

आता ६४० वर कुठे गुण मिळतील ते. या विभागात ५४ प्रश्न, प्रत्येकी २७ चे दोन मॉड्यूल, एकेका मॉड्यूलला ३२ मिनिटे. म्हणजे प्रश्नाला सत्तर सेकंदांच्या आसपास. उतारे छोटे, २५ ते १५० शब्दांचे, आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. पहिले मॉड्यूल कसे गेले यावर दुसरे सोपे की अवघड मिळते, आणि सोपे मिळाले तर स्कोअरला वरून झाकण बसते. म्हणून पहिल्या मॉड्यूलमधली घाईची चूक दुप्पट महाग.

प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि उताऱ्याची रचना, मग माहिती व तर्क, मग व्याकरण व विरामचिन्हे, शेवटी जोडशब्द आणि टिपणांवरचे प्रश्न. आपल्या मुलांचे बिनसते ते इथेच. पहिल्या आठदहा प्रश्नांत अवघड शब्दांशी आणि जुन्या साहित्यातल्या उताऱ्यांशी झटत बारा मिनिटे जातात आणि ज्या व्याकरणात त्यांचे गुण पक्के होते तिथे पोचेपर्यंत घड्याळ लाल झालेले असते. उलटे करायला सांगा. मॉड्यूल उघडले की थेट व्याकरणावर जायचे, ते आणि जोडशब्द संपवायचे, मग सुरुवातीला यायचे. व्याकरण हा विभागाचा साधारण चौथा हिस्सा आहे आणि त्याचे नियम मोजके: दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविरामाने जोडायची नाहीत, अर्धविराम कुठे, अपूर्णविराम कुठे, डॅशची जोडी, कर्ता-क्रियापदाचा मेळ, लोंबकळणारे विशेषण. मराठी मुलांना यातले विरामचिन्हांचे नियम शाळेत कुणी नीट शिकवलेलेच नसतात, म्हणून तीन आठवडे रोज एक तास दिला तर पटकन सुधारतात. शब्दसंग्रहाच्या याद्या पाठ करणे मात्र या मुदतीत व्यर्थ आहे.

सराव ब्लूबुक अ‍ॅपवरच करा, परीक्षा त्यावरच असते. आठवड्याला एक पूर्ण चाचणी पुरे. बाकीचे दिवस चुकलेल्या प्रश्नांवर: प्रत्येक चुकीपुढे ‘नियम माहीत नव्हता’, ‘उतारा कळला नाही’ की ‘वेळ संपला’, एवढेच लिहायचे. दोन चाचण्यांनंतर कुठली रांग लांब आहे ते दिसेल. आता एसीटीकडे वळायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. नव्या परीक्षेची सवय लागायला सहा आठवडे पुरत नाहीत.

नोंदणी करताना चार कॉलेजांना मोफत रिपोर्ट पाठवायची सोय दिसते, परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत. फुकट म्हणून लोक ती वापरतात आणि निकाल पाहायच्या आतच तो स्कोअर रवाना होतो. ते करू नका. बहुतेक कॉलेजे अर्जाच्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः भरलेले आकडे मान्य करतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. मग मात्र आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. न जुळल्यास मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

कॉमन अ‍ॅपमध्ये (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची ऑनलाइन सोय) गोंधळ होतो तो असा. तुमच्या यादीतली एमआयटी आणि यूसी सोडून बाकीची त्यावर आहेत. तिथे ‘टेस्टिंग’ या भागात भरलेले आकडे सामायिक अर्जाचा भाग असतात, त्या अर्जाबरोबर पुढे जातात. ऐच्छिक कॉलेजांच्या स्वतःच्या प्रश्नांत आणखी एक प्रश्न असतो: तुमचा स्कोअर विचारात घ्यावा का? अनेक मुले तिथे ‘नको’ लिहितात आणि टेस्टिंगमध्ये आकडे तसेच ठेवतात. मग वाचणाऱ्यापुढे दोन्ही जाण्याचा धोका राहतो. तुम्ही तर सगळीकडे पाठवणार, म्हणून प्रश्न नाही. पण यादीत पुढे एखादे न पाठवण्याचे कॉलेज आले तर अर्ज दोन फेऱ्यांत पाठवा. पहिल्या फेरीत स्कोअरवाली सगळी. मग टेस्टिंगमधले आकडे काढा, आणि पुढच्या परीक्षेची तारीख भरली असेल तर तीही. मग दुसरी फेरी. एकदा अर्ज पाठवल्यावरही सामायिक भाग पुढच्या कॉलेजांसाठी बदलता येतो. पाठवण्याआधी पीडीएफ उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि अशा कॉलेजासाठी शिफारसपत्र देणाऱ्या सरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘हिने एसएटीत गणितात ७९० मिळवले’ हे वाक्य तेच कौतुकाने लिहून टाकतात.

स्कोअर का दिला नाही याचे स्पष्टीकरण कुठेही लिहायचे नसते. अकरावीचे मात्र लिहायचे असते. जादा माहितीच्या रकान्याला आता तीनशे शब्दांची मर्यादा आहे. तुम्हाला ऐंशी पुरतील: अकरावी ही आपल्या व्यवस्थेत अंतर्गत परीक्षा, त्या वर्षी प्रवेश परीक्षेची तयारी, बारावीत काय बदलले आणि सहामाहीचे गुण किती. रडगाणे नको, क्लासला दोष नको. सहामाहीत ८५ च्या पुढे गुण आले तर ही ओळ खरी वाटेल. न आले तर ती लिहून उपयोग नाही, म्हणून पुढच्या महिन्यातली सहामाही तिला ऑक्टोबरच्या एसएटीइतकीच मोलाची आहे.

याहून जास्त काम कॉलेजच्या कार्यालयात आहे. बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर नावाचा माणूस नसतो. उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती जबाबदारी घेऊ शकतात. त्यांचा ईमेल शक्यतो कॉलेजच्या नावाचा असावा, खासगी पत्त्यावरून आलेल्या कागदांवर शंका घेतली जाते. त्यांच्याकडून कॉलेजच्या लेटरहेडवर एक पानाचा स्कूल प्रोफाइल करून घ्या: बोर्ड कोणते, वर्गात मुले किती, ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन धरतात, अकरावीत पहिल्या आलेल्याला किती टक्के होते, ८० च्या वर किती मुले, ७० च्या वर किती. अशा कॉलेजांत अकरावीचा पहिलाच कधी ८२ वर असतो. तसे असेल तर तुमच्या मुलीचे ७१ त्या पानावर वेगळेच दिसतील आणि ७९० शी जुळतील. हे पान कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही.

दोन छोट्या गोष्टी. टेस्ट-ऑप्शनल म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेतून सुटका नव्हे. टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी कॉलेज मागेल ती द्यावीच लागते. आणि पैशांचा प्रश्न असेल तर काही सरकारी विद्यापीठांत गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती गुण आणि स्कोअरच्या तक्त्यावर ठरते, स्कोअर नसला तर तुम्ही त्या तक्त्यातच येत नाही. डेटा सेटमधल्या एच६ या तक्त्यात परदेशी विद्यार्थ्यांना ते कॉलेज मदत करते का, किती जणांना आणि सरासरी किती, हे लिहिलेले असते. रटगर्स आणि मिशिगनचा हा तक्ता यादी पक्की करण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून बघा, बाबांनी खास करून.

ऑक्टोबरच्या परीक्षेची नोंदणी साधारण दोन आठवडे आधी बंद होते आणि केंद्रातल्या जागा त्याच्या आधीच संपतात. जवळ जागा नसेल तर मुंबई किंवा पुण्यातली जी मिळेल ती घ्या, आदल्या रात्री मुक्कामाला जा. पासपोर्ट, चार्ज केलेला लॅपटॉप आणि त्याचा चार्जर बरोबर ठेवा. परीक्षेच्या आधीच्या पाच दिवसांत ब्लूबुकमध्ये सेटअप करून प्रवेशपत्र काढायचे असते. ते घरच्या वायफायवरच उरका, हॉटेलच्या भरवशावर ठेवू नका.